‘का?’ न विचारणारं घर : ‘कासव’ या चित्रपटातल्या एका प्रसंगाचा अभ्यास

७ एप्रिल २०१७ या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षीचा आरोग्य दिन नैराश्य या विषयाला दिला होता. नव्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. आणि दिल्लीत ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली, तीत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला मिळालं. मराठीत हा मान ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतरचा. या तिन्ही गोष्टींचा आपसात काही संबंध नव्हता. पण ‘कासव’मधल्या मुलाच्या जागी उभं राहून पाहिलं तर तिन्हींचा विषय एकच होता.

इथे त्या चित्रपटाचं परीक्षण करायचं नाही. त्यातली परिस्थिती एका प्रकरणासारखी उलगडून बघायची आहे : आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण दवाखान्यातून पळतो, अनोळखी घरात येऊन पडतो, तेव्हा त्या घराने नेमकं काय केलं, त्यातलं काय बरोबर ठरतं, आणि काय पडद्यावर चालतं पण खऱ्या घरात महागात पडू शकतं.

प्रकरण

मुलगा विशीतला, शहरी, शिकलेला. ही भूमिका आलोक राजवाडेची. दवाखान्यातून निसटल्यावर तो भटकतो आणि वाटेत आजारी पडतो. जानकी (इरावती हर्षे) त्याला उचलून आपल्याबरोबर नेते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. समुद्रकाठच्या एका गावात ती तात्पुरती राहते आहे, कारण तिथे दत्ताभाऊ नावाचे वयस्कर गृहस्थ (मोहन आगाशे) कासव संवर्धनाचं काम करतात आणि ती त्यांना मदत करते. घरात तिचा ड्रायव्हर आणि सगळी व्यवस्था बघणारा यदू (किशोर कदम) आहे, घरकामाला बाबल्या आहे. गावात परशू नावाचा एक अनाथ पोरगा आहे. मुलगा तिरसट आहे, उपकाराची जाणीव नसल्यासारखा वागतो. यदू आणि बाबल्या वैतागतात. जानकी त्याला ठेवून घेते आणि काही विचारत नाही. शेवट इथे सांगायची गरज नाही.

या चित्रपटामागची माणसं कोण, हे समजल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही. सुमित्रा भावे मुळात समाजकार्याच्या शिक्षणातून आलेल्या. १९८५च्या ‘बाई’ या लघुपटापासून त्यांनी कॅमेरा वापरला तो माणसं समजून घ्यायचं साधन म्हणून. स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ आणि स्मृतिभ्रंशावरचा ‘अस्तु’ हे याच जोडीचे. मोहन आगाशे हे नाटक-सिनेमातले नट म्हणून सर्वांना माहीत आहेत, पण ते मनोविकारतज्ज्ञ आहेत, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हा विषय शिकवला. ‘कासव’च्या निर्मितीतही ते आहेत. म्हणजे पटकथेतल्या वैद्यकीय चुका अज्ञानातून झाल्या असं म्हणायची सोय नाही. जे गाळलं आहे ते जाणून गाळलं आहे.

कारण नावाचा सापळा

आत्महत्येवरच्या बहुतेक कथा एका प्रश्नावर चालतात : का केलं? मग एक फ्लॅशबॅक येतो. बाप मारायचा, मुलीने नाही म्हटलं, सीईटीत मार्क पडले नाहीत, धंदा बुडाला. प्रेक्षकाला किल्ली मिळते, तो समाधानाने घरी जातो.

पोलिसांचं कामही असंच चालतं. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, आणि शेवटी एका रकान्यात एक कारण लिहावं लागतं. या रकान्यांची बेरीज राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात दिसते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. दर दहा मृतांत सात पुरुष. कारणांत पहिला क्रमांक ‘कौटुंबिक समस्या’ : ३१.७ टक्के. दुसरा ‘आजारपण’ : १८.४ टक्के. ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांत काय काय कोंबलेलं असेल ते ज्याने त्याने ताडावं. घरात वाद होता, त्यात दारू होती, त्यात कर्ज होतं, त्यात सहा महिने झोप नव्हती, रकाना एकच.

नैराश्य असं एका कारणावर उभं नसतं. आनुवंशिकता, झोपेचा बिघाड, जुनी जखम, एकटेपण, नशा, ताजा आघात या गोष्टी एकात एक गुंततात, आणि प्रत्यक्ष प्रयत्नाच्या आधीचा शेवटचा धक्का अनेकदा क्षुल्लक असतो. तो क्षुल्लक धक्का ‘कारण’ म्हणून पडद्यावर दाखवला की दोन नुकसानं होतात. त्याच अडचणीत असलेल्या पोराला वाटतं, म्हणजे याचा शेवट हाच. आणि नातेवाइकांना वाटतं, ती एक गोष्ट टाळली असती तर पोरगा वाचला असता. हे ओझं ते जन्मभर वाहतात. आरोग्य संघटनेने २०१९ साली पडदा आणि रंगमंचासाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हे स्पष्ट आहे : गुंतागुंत दाखवा, पद्धत आणि कृती दाखवू नका, मदत कशी मिळते ते दाखवा, जाणकारांना विचारा, आणि चित्रपट करणाऱ्या चमूवर काय परिणाम होतो तेही बघा.

‘कासव’ ‘का’ला बाजूला ठेवतो. पटकथा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे फार अवघड आहे, कारण ‘का’ काढून घेतला की प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवणारा दोरच जातो. मग दुसरा दोर वळावा लागतो. इथे तो आहे ‘आज काय होईल?’ तो जेवेल का. खोलीतून बाहेर येईल का. यदूचा आज स्फोट होईल का. कुतूहल भूतकाळातून उचलून पुढच्या दोन तासांत ठेवायचं, ही साधी दिसणारी युक्ती सगळी पटकथा पेलते. नैराश्यात असलेल्या माणसाचं आयुष्यही तेवढ्याच अंतरावर चालतं. त्याला पुढचं वर्ष दिसत नाही, फार तर संध्याकाळ दिसते.

शरीर आधी

जानकीच्या हाती तो येतो तेव्हा त्याचं पहिलं दुखणं मनाचं नाही, अंगाचं आहे. हा क्रम बरोबर आहे आणि तो पुष्कळ घरांत उलटा होतो. मुलगा दवाखान्यातून घरी आला की त्याच संध्याकाळी आत्या, काका, शेजारचे गुरुजी समजूत घालायला बसतात. चार रात्री न झोपलेल्या, पोटात अन्न नसलेल्या माणसाला आयुष्याचं मोल समजावून काही होत नाही.

पहिल्या आठवड्याचा हिशोब साधा ठेवावा. रोज एकाच वेळी झोपायला जाणं आणि एकाच वेळी उठवणं. दोन वेळचं जेवण, पुढ्यात आणून, ‘खाणार का?’ असं न विचारता. कारण नैराश्यात निर्णय घेणं हेच सर्वांत जड काम असतं आणि ‘खाणार का?’चं उत्तर ‘नको’ हेच येतं. भरपूर पाणी. दारू पूर्ण बंद. सकाळी अर्धा तास उजेडात, मग तो नुसता ओट्यावर बसला तरी चालेल. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते रोज, घरातल्या एकाच माणसाच्या हातून. नैराश्यावरची औषधं लागू पडायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि ‘पंधरा दिवस झाले, काहीच फरक नाही’ म्हणून इथेच ती सोडली जातात. आणखी एक बारीक पण धोक्याची गोष्ट : मन हलकं व्हायच्या आधी अंगात हालचाल येते. चेहऱ्यावर तरतरी दिसली म्हणून पहारा सैल करायचा नाही. तिशीच्या आतल्या मुलांत औषध सुरू केल्यावरचे पहिले काही आठवडे जास्त बारकाईने बघायचे असतात.

तिरसटपणा हे लक्षण

या चित्रपटातलं सर्वांत अचूक निरीक्षण यदू आणि बाबल्याच्या वैतागात आहे. त्यांना पाहुणा माजोरी वाटतो. बाईसाहेब याच्यासाठी एवढं करतात आणि याला साधं बरं बोलता येत नाही.

तरुण पुरुषाचं नैराश्य बहुतेक वेळा असंच दिसतं. रडणं कमी, चिडणं जास्त. दार आपटणं, तुसडी उत्तरं, रात्रभर मोबाइल, बेफाम गाडी चालवणं, दारू, काम अर्धवट टाकणं. घरच्यांच्या लेखी हा आजार नसतो, हा ‘नाद’ असतो किंवा ‘वळण बिघडणं’ असतं. मुलगी आठ दिवस रडली तर कुणीतरी विचारतं. मुलगा आठ दिवस खेकसला तर त्याला उलट ऐकवलं जातं. पुरुषांच्या मदतीला उशीर होण्याचं एक मोठं कारण हे असावं की त्यांची लक्षणंच माणसांना दूर लोटतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या विकारांत दर शंभर जणांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळालेले नव्हते.

अभिनयाच्या बाजूनेही यात एक धडा आहे. ‘उदास मुलगा’ वठवायचा म्हटलं की नट खिडकीतून बाहेर बघतो. आलोक राजवाडेचा मुलगा बघणाऱ्याला अधूनमधून न आवडणारा आहे, आणि तो तसाच राहू दिला आहे. प्रेक्षक थोडा वेळ यदूच्या बाजूला जातो. ही नावड प्रेक्षकाने अनुभवलीच पाहिजे; नाहीतर स्वतःच्या घरातला खेकसणारा मुलगा त्याला ओळखू येणार नाही.

दोन प्रश्न, आणि त्यांतला एक विचारायलाच हवा

आता या प्रकरणातला सर्वांत वादाचा मुद्दा. जानकी काही विचारत नाही. हे बरोबर आहे का?

अर्ध बरोबर आहे. दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. ‘तू असं का केलंस?’ हा पहिला. हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी त्याला आरोपाची धार असते. ऐकणाऱ्याला सफाई द्यावी लागते, आणि सफाई देण्याइतकी शक्ती त्याच्यात नसते. जो दवाखान्यातून पळाला त्याला हा प्रश्न डॉक्टर, नर्स, पोलीस, आई अशा चौघांनी तरी विचारलेला असतो. जानकी पाचवी होत नाही, एवढ्यावरच तो थांबतो. मौनाचा हा उपयोग खरा आहे.

दुसरा प्रश्न असा : ‘आत्ता, आज, जीव द्यावा असं मनात येतंय का?’ हा मात्र विचारायचाच असतो. स्पष्ट शब्दांत, आडवळणाने नाही. ‘काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ हेच येतं, कारण प्रश्नातच ते भरलेलं आहे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही समजूत खेड्यात, शहरात, शिकलेल्यांत सगळीकडे आहे. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. उलट, कुणीतरी थेट विचारलं याचा सुटका झाल्यासारखा परिणाम होतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न तीन : काही ठरवलं आहे का, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, आणि केव्हा. तिन्हींची उत्तरं ठोस आली तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

चित्रपटात जानकी या दुसऱ्या प्रश्नापाशीही शांत राहते. पडद्यावर ते सुंदर दिसतं. समुद्र आहे, वारा आहे, एक समजूतदार बाई आहे. पण खऱ्या घरात हे मौन उचलून नेलं तर ते बेजबाबदारपणाच्या फार जवळ जातं. प्रयत्नानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे. पहिले तीन महिने जपायचे. कोकणातल्या घराचा विचार करा : मागे विहीर, पडवीत आंब्याच्या फवारणीची औषधं, फडताळात आजीच्या गोळ्या. पाहुणा येण्याआधी फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली शेजाऱ्याकडे. गोळ्या एका वेळेला एका आठवड्यापुरत्याच घरात. रात्री कोण जागं आहे हे बोलून ठरवलेलं असावं, ‘आम्ही सगळे आहोतच’ यावर सोडू नये. सगळे असतात तेव्हा नेमकं कुणीच नसतं.

आणखी एक कागदाचा तुकडा. त्याला ‘सुरक्षा आराखडा’ म्हणतात आणि तो मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचा असतो. माझं बिनसायला लागलं की पहिली खूण कोणती. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो. कुठे जाऊन बसलो की जरा बरं वाटतं, कुणाबरोबर. मदत मागायची तर कुणाला. डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर. आणि घरातली कोणती वस्तू दूर ठेवायची. एवढंच, सहा ओळींचं, खिशात मावेल असं. हा आराखडा सहसा कुठे फसतो? तो समुपदेशक लिहितो आणि मुलगा सही करतो तेव्हा. शब्द परके असले की वेळेवर आठवत नाहीत. ‘सकारात्मक विचार करेन’ असं लिहिलेलं दिसलं तर तो कागद फाडून पुन्हा सुरुवात करावी. ‘बंदरावर जाऊन जाळी विणणाऱ्यांजवळ बसेन’ असं असेल तर तो उपयोगाचा.

आणि जानकीचं काय? ती स्वतः या आजारातून गेलेली. तिला त्या मुलाची भाषा कळते ती त्यामुळेच, पण अशा माणसाने एकट्याने रात्रंदिवस सांभाळायला घेतलं तर तीही पुन्हा घसरू शकते. दोन सांभाळणारे तरी हवेत, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटीचा. यदूचा चिडका हिशोबीपणा कथेत विरोधकासारखा येतो. प्रत्यक्षात असा एखादा माणूस घरात असणं हे सुरक्षिततेचं साधन आहे. तो झोपत नाही, तो संशय घेतो, तो किल्ल्या मोजतो.

दवाखान्यातून तो पळाला का असेल

‘कासव’ तयार झाला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता : एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दवाखान्यात अशी केस आली की तिची ‘एमएलसी’ होते, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं, आणि पेशंट शुद्धीवर आला की खाटेशी बसून जबाब घेतला जातो. ज्याला आधीच तोंड दाखवायचं नाही, त्याच्या खाटेशी खाकी वर्दी. बरेच नातेवाईक म्हणूनच ‘चुकून प्यायलं’, ‘पाय घसरला’ असं सांगत, आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचा प्रश्नच उरत नसे, कारण कागदावर तो अपघात असायचा.

आरंभी सांगितलेल्या कायद्याने हे बदललं. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही. त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ राहिलं नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे. तरीही एमएलसीची नोंद होतेच, आणि ती बघून घरचे घाबरतातच. त्यांना पहिल्याच तासात सांगायला हवं की ही नोंद आहे, गुन्हा नाही.

जानकीच्या बाजूनेही कायदा बघावा. रस्त्यात भटकणारा, आजारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस सापडला तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. आज कुणी जानकी असेल तर तिने त्याला घरी नेण्यात गैर नाही, पण जवळच्या ठाण्यात एक फोन आणि ग्रामीण रुग्णालयात एक तपासणी या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. घरचे कुठेतरी ‘हरवला आहे’ म्हणून तक्रार देऊन बसलेले असतात. तो सज्ञान असेल तर पत्ता कळवायचा की नाही हे त्याला विचारून ठरवता येतं. ‘जिवंत आहे, सुखरूप आहे’ एवढा निरोप मात्र पोलिसांमार्फत त्या घरी जावा.

कासवाबद्दल

नाव ‘कासव’ म्हटल्यावर मराठी मन आपोआप गीतेतल्या स्थितप्रज्ञाकडे जातं : अवयव आत ओढून घेणारं कासव. नैराश्यात स्वतःत मिटलेला मुलगा म्हणजे हेच, असं वाटतं. पण गंमत अशी की कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडली हे सागरी कासव डोकं आणि पाय पाठीच्या आत ओढू शकत नाही. ती सोय जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या भाऊबंदांना. समुद्री कासवाला कवच आहे, पण मिटून बसायची सवड नाही.

त्यामुळे रूपक लावायचं तर ते दत्ताभाऊंच्या कामाला लावावं. मादी रात्री वाळूवर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुन्हा येत नाही. मागे कोल्हे, कुत्री, भरती आणि माणसं. २००२च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना हे दिसलं आणि तिथून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर घरटी राखण्याचं काम पसरत गेलं. पद्धत अशी : पहाटे किनारा पायी तुडवायचा, माग शोधायचा, अंडी शक्य तितक्या लवकर, न फिरवता, वरची बाजू वरच ठेवून टोपलीत घ्यायची, आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून ठेवायची. अंडं उलटं झालं तर आतला जीव दगावतो. मग ४५ ते ६० दिवस काही करायचं नाही. उकरून बघायचं नाही. वाळूच्या उबेवर किती माद्या आणि किती नर हे ठरतं. तिथेही लुडबूड नको. पिल्लं वर आली की त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत. काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि ती आपली आपण सरपटत जातात.

कुंपण पक्कं, पण आत हात नाही. जानकीच्या घराचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही, आणि चित्रपट ते उच्चारून दाखवत नाही हे त्याचं बळ. आपल्याकडच्या अभंगांत कासवीची माया वेगळी सांगितली आहे : ती पिल्लांना दुरून, नुसत्या नजरेने वाढवते. जीवशास्त्रात याला आधार नाही. ज्याच्या घरी असा मुलगा आहे त्याला मात्र, नजर ठेवायची पण टक लावायची नाही म्हणजे काय, ते या कूर्मदृष्टीच्या कल्पनेतून लगेच कळतं.

परशू या अनाथ पोराचं कामही यातच बसतं. मोठी माणसं त्या मुलाला काहीतरी देऊ पाहतात. परशूला त्याच्याकडून काही करून घ्यायचं नसतं आणि त्याला सुधारायचंही नसतं. बरं होऊ पाहणाऱ्या माणसाला असं एक तरी नातं लागतं, ज्यात तो ‘केस’ नसतो.

हा चित्रपट मुलांना दाखवायचा असेल तर

‘कासव’ ६ ऑक्टोबर २०१७ रोजी चित्रपटगृहांत आला. पण अशा चित्रपटांचं खरं आयुष्य महाविद्यालयं, फिल्म सोसायट्या आणि आरोग्य संस्थांच्या खेळांत असतं. आगाशे स्वतः ‘अस्तु’ आणि ‘कासव’ घेऊन, खेळानंतर चर्चा करत फिरले आहेत. वसतिगृहातल्या मुलांसाठी खेळ लावणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात.

संख्या चाळीस ते साठ. दोनशे मुलांच्या सभागृहात टवाळी होते आणि जो गप्प झाला आहे तो दिसत नाही. हजेरी सक्तीची नको. ज्याने महिन्यापूर्वी मित्र गमावला आहे त्याला आत बसवून ठेवणं क्रूर आहे. सुरुवातीला दोन वाक्यांत सांगावं की चित्रपटात आत्महत्येच्या प्रयत्नाचा विषय आहे, कुणालाही केव्हाही बाहेर जाता येईल, आणि बाहेर एक समुपदेशक बसला आहे. तो खरोखर बाहेर, दाराजवळ, पाण्याच्या पिंपाशेजारी बसलेला असावा. मंचावर सत्कार घेत नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पडद्यावर आधी आणि नंतर दाखवावा. ही सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

चर्चा पाऊण तासाहून लांबवू नये. सर्वांत आधी फसते ती चर्चा प्राचार्यांच्या भाषणाने. ‘संकटांना तोंड द्या, आईवडिलांना आठवा’ सुरू झालं की मुलं मोबाइल काढतात, आणि ज्याला बोलायचं होतं तो पक्कं ठरवून गप्प बसतो. दुसऱ्यांदा फसते ती ‘तुम्हाला काय वाटलं?’ या प्रश्नाने; साठ मुलांत या प्रश्नाला उत्तर देणारा मुलगा सहसा मदतीची गरज नसलेला असतो. त्याऐवजी यदूबद्दल विचारावं : तो चुकला का? तुमच्या खोलीवर असा पार्टनर आला तर तुम्ही काय कराल? भाडं कोण भरणार? इथे मुलं हमखास बोलतात, कारण प्रश्न त्यांच्या आयुष्याचा आहे आणि कुणाला स्वतःला उघडं करावं लागत नाही. कुणी स्वतःच्या प्रयत्नाबद्दल सांगू लागला तर टाळ्या नकोत, ‘किती धाडस’ नको. तपशिलात जाण्याआधी शांतपणे ‘हे नीट ऐकायचं आहे, आपण खेळानंतर बसू’ म्हणावं, आणि खेळानंतर खरोखर बसावं. फोटो काढू नयेत. एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही, पण दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या पानावर ‘नैराश्यावर कार्यक्रम’ या ओळीखाली त्याचा चेहरा दिसतो.

खेळ संपल्यावर एक-दोन मुलं रेंगाळतात. खुर्च्या लावायला मदत करतो म्हणतात. सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठीच होता असं समजून पुढची व्यवस्था आधीच तयार ठेवावी. तिच्यासाठी एक चांगला नमुना उपलब्ध आहे. आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या ठिकाणी, प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांवर एक अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यावर फक्त एक तासाचं बोलणं आणि पुढे अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. अठरा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने मेलेले १८, दुसऱ्या गटात २.

नऊ संपर्कांचं वेळापत्रक असं : पहिला आठवडा, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा, मग चौथा महिना, सहावा, बारावा, अठरावा. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं, कसा आहेस, झोप लागते का, कुठे अडलंय का. वसतिगृहात सहावा संपर्क बहुधा सुट्टीत पडतो आणि तिथेच साखळी तुटते, म्हणून गावाकडचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावा, आणि फोन करणाऱ्याचं नाव वहीत लिहावं. ‘समिती’ असं लिहू नये.